नाव विचारायचे राहून गेले

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, चादरीला चुणी राहू देऊ नये, माकडहाडाजवळची त्वचा रोज डोळ्यांनी पाहावी, हे मी या सदरात अनेकदा लिहिले आहे. लिहिणे सोपे असते. रात्री दोनला आणि पुन्हा चारला उठून ते करणारी माणसे मी माझ्या व्यवसायात फार थोडी पाहिली. आज त्यांपैकी एकीविषयी, आणि तिच्यापुढे उघड्या पडलेल्या माझ्या अज्ञानाविषयी लिहीत आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

पक्षाघात झालेल्या एका आजींना तपासायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. दार उघडले ते साडी नेसलेल्या, उंच, जाड आवाजाच्या व्यक्तीने. मी क्षणभर थबकलो. आजींना दोन मुलगे आणि ‘एक तसा निघालेला’ हे मी ऐकून होतो. रुग्णाच्या घरी सर्वांना अहो-जाहो करण्याची माझी सवय. त्या दिवशी मात्र तोंडून ‘तू’ निघाले. औषधे कधी दिली, साखर कधी तपासली, हे प्रश्नही मी अशा बेताने जुळवत होतो की ‘तपासला’ की ‘तपासली’ या पेचात पडायला नको. शेवटी म्हणालो, “घरातले कोणी जबाबदार माणूस असेल तर बोलाव.”

“मीच आहे, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि वही पुढे केली. उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, लघवीची नळी बदलल्याच्या तारखा, कोणत्या कुशीवर किती वाजता वळवले, सारे त्यात होते. मी आजींना वळवून पाहिले. दीड वर्ष अंथरुणावर, आणि पाठीवर एकही व्रण नाही. मोठ्या पगाराच्या परिचारिका ठेवलेल्या घरांतही मला अशी पाठ क्वचितच दिसली आहे.

तरीही निघताना मी केसपेपरवर संपर्कासाठी मोठ्या भावाचा नंबर लिहिला. तिचे नाव विचारलेच नाही.

हा माझा दोष शिक्षणावर ढकलता येईल, पण थोडाच. आमच्या विद्यार्थिदशेत न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत अशा व्यक्तींचा उल्लेख विकृतीच्या प्रकरणात येई आणि आम्ही तो पाठ करून उत्तीर्ण होत असू. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक विकारांच्या यादीतून काढले. २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली, १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, १५ एप्रिल २०१४ रोजी, स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला होता. मधुमेहावरचे प्रत्येक नवे औषध मी वाचून काढतो. हे वाचायची मला गरज वाटली नव्हती.

अडथळा ज्ञानाचा कमी आणि संगतीचा अधिक होता. सकाळी मैदानावर फिरणाऱ्या आमच्या गटात पंधरा वर्षांची मैत्री. कुणाच्या शस्त्रक्रियेला रक्त द्यायला धावणारी हीच माणसे. हळूहळू फोनवरच्या निरोपांत ‘या लोकांविषयी’ थट्टा आली, मग राग आला, मग भीती. मे २०१८ मध्ये हैदराबादेत मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने एका पारलिंगी स्त्रीचा जीव घेतला. तशाच अफवेचा निरोप त्या दिवसांत आमच्याकडेही फिरत होता. मी तो पुढे पाठवला नाही, पण खोटा आहे असेही म्हटले नाही. डॉक्टर गप्प, म्हणजे खरेच असेल, असे कुणाला वाटले असल्यास नवल नाही.

मत बदलताना वयाचा मान आड येतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये दोन तरुणींच्या प्रकरणात, आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही असे उघडपणे मान्य केले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसले, आणि मगच निकाल लिहिला. अशा व्यक्तींना ‘बरे’ करण्याच्या उपचारांवर त्यांनी बंदीचा आदेश दिला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा नातवंडाला ‘सरळ करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर पैसे आणि नातवंड दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवा. मुलाने वा मुलीने विश्वासाने काही सांगितले, तर पहिल्या दिवशी सगळे समजलेच पाहिजे असे नाही. जेवायला वाढा. कोणत्या नावाने हाक मारू, एवढे विचारा.

एका वाचकांनी मला विचारले होते, “कट्टा सोडला तर सकाळी जाऊ कुठे?” प्रश्न खरा आहे. उतारवयातील एकटेपणा रक्तदाबाइतकाच गंभीरपणे घ्यावा, असे मी रुग्णांना सांगत असतो. म्हणून रागाने दार आपटून निघू नका आणि शेवटचे भाषणही देऊ नका. मी दिले होते, त्याचा उपयोग झाला नाही. आधी सकाळच्या त्या तासासाठी दुसरे ठिकाण शोधा: वाचनालय, भजनी मंडळ, शेजारच्या मुलाचा अभ्यास. गटातील एकदोघे एरवी चांगले असतात. त्यांना वेगळे, चहाला बोलवा. माणूस एकटा असला की पुष्कळदा तेवढे कठोर बोलत नाही.

आजींकडे मी पुन्हा गेलो, तेव्हा दारातच नाव विचारले. तिने सांगितले. जुना नंबर खोडून केसपेपरवर ते नाव आणि तिचा नंबर लिहिला, ‘तू’बद्दल क्षमा मागितली. तिने मान हलवली आणि आईची नळी या वेळी लवकर का तुंबली, ते विचारले.

मैदानावरच्या जुन्या मित्रांपैकी एक मला अजून ओळख देत नाहीत. दुसरे दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. परवा मात्र जाताना त्यांनी विचारले, “त्या आजी कशा आहेत? आणि त्यांना सांभाळणाऱ्या त्या बाई?”