दुसऱ्या वर्षाचे दार

माझ्या भाचीने तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.चे पहिले वर्ष उत्तम गुणांनी पूर्ण केले आणि पुढे पुण्यातल्या एखाद्या नामांकित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकायचे तिच्या मनाने घेतले. जून २०२५ मध्ये तिला घेऊन मी तीन महाविद्यालयांच्या खिडक्यांपुढे उभा राहिलो. पहिल्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाला जागाच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी विषय जुळेनात. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मोबाइलवरचे तिचे श्रेयांकांचे खाते कौतुकाने पाहिले आणि मग विचारले, ‘‘ते राहू दे बाळा, बारावीला किती होते?’’

बारावीला ६२ टक्के होते. त्या वर्षी घरात मोठे आजारपण होते. पण ते सांगायला खिडकीत जागा नसते.

मग हे श्रेयांकांचे खाते आहे तरी कशासाठी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम काढले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत टिकतात. पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे श्रेयांक मिळवले, की बाकीचे दुसरीकडून आणलेले चालतात. कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण श्रेयांक मान्य करणे वेगळे आणि बाकावर जागा देणे वेगळे. पासबुक भरलेले आहे आणि बाजारात दुकान उघडलेले नाही, अशी ही अवस्था आहे.

मी हे चिडून लिहितो आहे, कारण एका वेगळ्या दाराने मी स्वतः आत गेलेला माणूस आहे. जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून १९९४ मध्ये मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. तिकडे गेलो ते आवडीने नव्हे. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. पदविका झाली की पोरगा कामाला लागेल, हा त्यांचा सरळ हिशेब. दहावीनंतर घेतलेला असा निर्णय एरवी जन्माचा ठरला असता. परंतु पदविकाधारकांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेण्याची सोय तेव्हाही होती, आजही आहे. प्रवेश पदविकेच्या गुणांवर. बारावीचा प्रश्नच येत नाही, कारण बारावी झालेलीच नसते!

एका जुन्या, नाणावलेल्या महाविद्यालयाच्या यादीत नाव लागले, तेव्हा तिथले वर्ग सुरू होऊन महिना उलटला होता. वसतिगृहाच्या खोल्या वाटून झाल्या होत्या. मी दोन महिने एका ओळखीच्यांच्या गॅलरीत झोपलो. पहिले वर्ष एकत्र काढलेल्या मुलांची टोळकी जमलेली. आम्ही ‘डिप्लोमावाले’ मागच्या दोन बाकांवर. एका प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला आम्हाला उभे करून सांगितले, की एम-थ्रीला तुमच्यातले निम्मे गळतात. ते खोटे बोलत नव्हते. मीही गळालो. लाप्लास ट्रान्सफॉर्म हे प्रकरण पचायला मला एक केटी लागली. मात्र मशीन शॉपमध्ये उलटी गंमत असे. जॉब लेथवर कसा धरायचा, टूलला धार कशी लावायची, हे विचारायला पुढच्या बाकांवरची मुले आमच्याकडे येत. शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे गट पडले, तेव्हा कोण कुठून आला हे आठवण्याचीही कुणाला गरज उरली नव्हती.

ही सोय कुणाच्या दयाबुद्धीवर चालत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. जागांचा हिस्सा ठरलेला आहे, वेळापत्रक जाहीर होते, राज्याची यादी लागते. म्हणून एसटीतल्या मेकॅनिकच्या मुलाला चिठ्ठीचपाटी लागली नाही. आयआयटीच्या बी.टेक.ला असे दार नाही. आणि बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांच्या वाट्याला तर केवळ खाते आले आहे.

हा पेच सुटणारा नाही असे कुणी म्हणेल, तर त्याने कॅलिफोर्नियाकडे पाहावे. क्लार्क केर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष असताना, १९६० मध्ये त्या राज्याने उच्च शिक्षणाचा मोठा आराखडा केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना विद्यापीठाचे दार खुले. इतरांना गावोगावची कम्युनिटी कॉलेजे. पण खरी मेख पुढे आहे. विद्यापीठातल्या खालच्या दोन वर्षांत चार विद्यार्थी असतील तर वरच्या दोन वर्षांत सहा असावेत, असे प्रमाणच आराखड्यात मांडले गेले. म्हणजे मधून येणाऱ्यांसाठी जागा आधी धरली आणि मग बोलावणे केले. कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठात कशाच्या बदली चालेल, हेही आता आधीच प्रसिद्ध असते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शाळेतून थेट येऊ पाहणाऱ्यांपैकी अलीकडे दहातल्या एकालाही जागा मिळत नाही. बदलीने येऊ पाहणाऱ्यांपैकी साधारण चारात एकाला मिळते. निवड होते ती प्रामुख्याने महाविद्यालयातल्या कामावर.

तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. बदलीच्या इराद्याने कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी बहुतेक दोन वर्षांत विद्यापीठापर्यंत पोचत नाहीत. नोकरी, घरभाडे, गणित यांत अडकतात. आणि अमेरिकेतल्या श्रीमंत खासगी विद्यापीठांना या दाराचे फारसे प्रेम नाही. प्रिन्स्टनने १९९० मध्ये ते बंद केले आणि २०१८ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा १३ जणांना घेतले. हार्वर्डनेही वसतिगृहांतल्या दाटीचे कारण देऊन २००८ पासून दोन वर्षे बदलीचे प्रवेश थांबवले होते. गॅलरीत झोपलेल्या माणसाला ते कारण वाचून हसू येते.

आपल्याकडचे प्राचार्य म्हणतात, हे दार उघडले तर तालुक्याची महाविद्यालये हुशार मुलांना मुकतील. ही भीती अगदीच पोकळ नाही. परंतु आज ती मुले पहिल्याच वर्षी शहर गाठतात. ज्यांना ते परवडत नाही तीच मागे राहतात. आमच्याकडून दरवर्षी इतकी मुले पुढे गेली, असे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाला फलकावर लिहिता आले, तर त्याची पत वाढेल की घटेल?

आणि जागा नाहीत हे तर खरेच नाही. विज्ञान शाखेत पहिल्या वर्षाला बसून पुन्हा नीटची तयारी करणारी मुले प्रत्येक महाविद्यालयात असतात. वैद्यकीयला नंबर लागला की ती दाखला घेऊन जातात, आणि शहरातले बाक रिकामे होतात. त्यांची यादी लावावी, शाखेच्या थोड्या जागा दुसऱ्या वर्षासाठी आधीच धराव्यात, आणि गुण महाविद्यालयाचे पाहावेत. यासाठी नवा आयोग नेमावा लागत नाही.

तिसऱ्या महाविद्यालयाने आम्हाला नंतर चौकशी करायला सांगितले होते. सप्टेंबरात आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी ओळखले. दुसऱ्या वर्षाच्या दोन जागा खरेच रिकाम्या झाल्या होत्या. प्रवेशाची मुदत मात्र संपली होती.

परतीच्या एसटीत भाची बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘‘मामा, ते श्रेयांक सात वर्षे टिकतात ना?’’