ख्रिस्ती उपासनेत योगसाधना

येशूचे नाव घेणाऱ्या मनुष्याने आसन घालून, श्वास आवरून ध्यानास बसावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता आमच्या वाचकांच्या घरचा नव्हे. परंतु नाशिककरांस तो परका म्हणून सोडून देता येत नाही. येथे गोदाकाठी सिंहस्थ भरतो, तशी नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूची यात्राही भरते. आणि शरणपूर हे नाव तर एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसविलेल्या ख्रिस्ती वस्तीचेच आहे.

इंदिरानगरातील आमच्या शेजारात परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती बाई राहतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या सकाळच्या योगवर्गास जाऊ लागल्या. वर्गारंभी ॐकार होई तेव्हा त्या डोळे मिटून स्वस्थ बसत. एके दिवशी एका गृहस्थांनी त्यांस टोकले, "बाई, आमचा व्यायाम चालतो, मग आमचा देवच का चालत नाही?" इकडे त्यांच्या प्रार्थनामंडळातील एका भगिनीने बजावले की, हे असले करू लागलात तर हळूहळू प्रभूपासून दूर जाल. दोहींकडून कोंडी झाल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, तुम्ही जन्मभर संस्कृत शिकविलेत. ॐ म्हणजे काय, आणि तो मी म्हटला तर माझी प्रार्थना खोटी होईल का, एवढे मला सांगा."

हल्ली अशा वेळी एक ठराविक उत्तर देतात. ॐ हा केवळ ध्वनी आहे, त्याने मज्जातंतूंस विश्रांती मिळते, त्यात धर्माचा काही संबंध नाही! हे उत्तर सोयीचे आहे, खरे मात्र नाही. पतंजलींनी प्रणवास ईश्वराचा वाचक म्हटले आहे आणि त्याचा जप त्याच्या अर्थाच्या चिंतनासह करावा असे सांगितले आहे. ज्या शब्दाचा अर्थ आपणांस पटत नाही तो न उच्चारणारी बाई त्या शब्दाचा मानच राखते, आणि जांभई देत देत तो तीनदा म्हणणाऱ्या आमच्या कित्येक मंडळींपेक्षा अधिक राखते, असे आम्ही त्यांस सांगितले.

आसनाची गोष्ट निराळी. योगसूत्रे सुमारे 195. त्यांपैकी आसनावर अवघी 3, आणि त्यांतही एकाही आसनाचे नाव नाही. बसणे स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढीच अपेक्षा. आज वर्गांत शिकवितात ती बहुतेक आसने पुढील काळच्या हठयोगाच्या ग्रंथांतून आणि विसाव्या शतकातील व्यायामशिक्षकांकडून आलेली आहेत. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले तेव्हा योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा उपक्रम त्यांनी मुद्दाम आरंभिला. पाठीचा कणा ताठ ठेवण्यास कोणत्याही धर्माची दीक्षा लागत नाही.

श्वासाचेही तसेच. ग्रीसमधील आथोस पर्वतावरील ख्रिस्ती संन्यासी येशूच्या नावाची एक छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीवर अखंड जपत आले आहेत, आणि ह्या साधनेवरून त्यांच्याच धर्मात चौदाव्या शतकात मोठा वाद होऊन अखेर ती मान्य झाली. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, संस्थापक संत इग्नेशियस ह्यांच्या साधनाग्रंथास 1548 साली पोपची मान्यता मिळाली. त्यातही प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर मनात धरावा, असा एक प्रकार सांगितला आहे. तेव्हा श्वास मोजणे म्हणजे हिंदूंची उसनवारी, असे मानणाऱ्या ख्रिस्ती बंधूंनी आणि ‘शेवटी आमच्याकडेच आले’ म्हणून मिशीवर ताव देणाऱ्या आमच्या बंधूंनी, दोघांनीही जरा थांबावे.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाची खरी परीक्षा योगवर्गात झाली नाही. ती अभंगात झाली. नारायण वामन टिळक, जन्म 1861, हे विद्यार्थिदशेत नाशकात गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई येथून जवळच्या जलालपूरच्या. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. पुढे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. त्या वेळी ज्या प्रकारच्या घरांनी त्यांस दार लावून घेतले, तशाच घरांत आज ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचली जातात, हे आमच्या वाचकांस सांगणे नको.

टिळकांनी आपल्या पूर्वसंस्कारांपैकी काय बरोबर नेले, हे पाहण्याजोगे आहे. प्राणायामाची पद्धती त्यांनी नेली नाही. त्यांनी अभंग नेला, कीर्तन नेले, देवास गुरू आणि आई म्हणून हाक मारण्याची रीत नेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले, आणि ‘देवाचा दरबार’ नावाचे एक मंडळ काढले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांसही स्थान होते. दोन वर्षांतच, मे 1919 मध्ये, ते निवर्तले आणि ते कार्य अर्धेच राहिले. परंतु मराठी चर्चांतील ‘उपासना संगीत’ आजही त्यांच्या पदांनी भरलेले आहे. नामस्मरण ही जर ध्यानाची पायरी असेल, आणि वारकऱ्यांस ती आहेच, तर मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या घरात ध्यान शंभराहून अधिक वर्षांपासून नांदत आहे. केवळ त्यास कोणी योग म्हटले नाही.

तसे नाव देणारेही लवकरच निघाले. अहमदनगरला आलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो ह्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि ख्रिस्ती योगावरही एक पुस्तक लिहिले. त्यांनी 1922 साली काढलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यास गेला. तेथे हिंदी वेषात, हिंदी भोजनावर, आश्रमाच्या शिस्तीने ख्रिस्ती प्रार्थना चालू लागली.

नंतरचे मोठे नाव आंतोनी डिमेलो ह्यांचे. मुंबईत 1931 साली जन्मलेल्या ह्या येशूसंघी धर्मगुरूंनी 1973 साली पुण्यात ‘साधना’ नावाची संस्था काढली आणि 1978 साली ती लोणावळ्यास नेली. कैवल्यधाम त्याच गावी, ही गंमत लक्षात घ्यावी. त्यांचे ‘साधना’ हेच नाव असलेले पुस्तक देहातील संवेदना आणि श्वास ह्यांकडे लक्ष देण्यापासून आरंभ करते, मग कल्पनेकडे वळते आणि शेवटी भक्तीवर येते. 1987 साली त्यांचे निधन झाले. 1989 च्या ऑक्टोबरात रोमच्या धर्मपीठाने ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढले. देहाची स्थिती आणि श्वास ह्यांचे साहाय्य घेण्यास त्यात बंदी नाही; परंतु देहास वाटणारे सौख्य आणि शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचा प्रसाद, असे समजू नये, अशी ताकीद आहे. 1998 साली खुद्द डिमेलोंच्या लेखनाविषयी सूचना निघाली: आरंभीच्या पुस्तकांत ते मोठ्या अंशी ख्रिस्ती मार्गावर आहेत, पुढे मात्र ज्यास हाक मारावी असा देव त्यांच्या लेखनात पुसट होत जातो, असा तिचा आशय.

ह्या ताकिदीस आमच्यापैकी काहींनी संकुचितपणा म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. हा वाद आमच्याच अंगणातला आहे. अद्वैती म्हणतो, उपास्य आणि उपासक हा भेदच शेवटी उरत नाही. तुकोबा म्हणतात, मला तो भेद राहू दे, मला भक्तीच हवी, मुक्ती नको. ध्यानात कोणाशी बोलावयाचे आहे हे विसरता कामा नये, असे रोमने म्हटले तर पंढरीच्या वाटेवरील मनुष्यास त्यात नवल वाटू नये. पतंजलींचा ईश्वरही ख्रिस्ती मनुष्याचा जगत्कर्ता पिता नव्हे. तो क्लेशांचा स्पर्श नसलेला एक विशेष पुरुष आहे, आणि सूत्रांचे साध्य कैवल्य आहे, प्रभूशी सख्य नव्हे. हे दोन्ही एकच, असे म्हणून पाठ थोपटणे सोपे असते. त्यात दोघांच्याही शास्त्राचा अभ्यास मात्र करावा लागत नाही.

म्हणून आमचे मत असे की, ख्रिस्ती साधकाने आसन घ्यावे, श्वासाचा क्रम घ्यावा, मौन तर अवश्य घ्यावे. नाम मात्र स्वतःचे ठेवावे. सूर्यनमस्कार घालताना बारा मंत्र न म्हणता बारा वेळा वाकला तर व्यायाम होतो; पूजा होत नाही, आणि त्याने ती झाली असे आम्हीही म्हणू नये.

21 जून हा 2015 पासून जागतिक योगदिन झाल्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यांत वर्ग वाढले आहेत, आणि आमच्या वाचकांपैकी कित्येक ते चालवितात. त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की, ॐकारापूर्वी मिनिटभर मौनाची सोय करावी, "ज्यांस म्हणावयाचे त्यांनी म्हणावे, इतरांनी आपापले स्मरण करावे," एवढे शब्द आधी उच्चारावे, आणि कोण गप्प बसले आहे हे पाहण्यासाठी डोळे उघडू नयेत.