देवडीवर अडलेला सर्व्हर

शेजारच्या टेबलावरील संगणकावर संकेतस्थळे धडाधड उघडताहेत आणि ग्रंथालयासाठी बसवलेला नवा लिनक्स सर्व्हर मात्र ‘संपर्क होत नाही’ एवढेच सांगतो आहे. केबल बदलून झाली, यंत्र दोनदा बंद करून सुरू केले, विक्रेत्याला फोनही झाला. पण उपयोग शून्य! शाळा-महाविद्यालयांत आणि कार्यालयांत हा प्रसंग नवा नाही. अनेकदा दोष यंत्रात नसतोच. वाटेत प्रॉक्सी आहे, हे सर्व्हरला कुणी सांगितलेले नसते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातलाच हा प्रकार.

प्रॉक्सी म्हणजे काय?

जुन्या वाड्याची देवडी आठवा. आतल्यांनी बाजारात जायचे नाही. हवे ते देवडीवरच्या माणसाला सांगायचे, तो आणून देणार. प्रॉक्सीचे काम हेच. संस्थेतील संगणकांची मागणी तो स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला देतो. कुणी काय मागितले याची नोंद ठेवतो, नको ती संकेतस्थळे अडवतो.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून माहिती मुंगीच्या पावलांनी येई. एकाने मागवलेल्या पानाची प्रत जपून ठेवून तीच दुसऱ्याला देणारा प्रॉक्सी त्या काळी फार उपयोगी होता. १९९६ साली आलेला ‘स्क्विड’ हा मोफत प्रोग्राम याच कामासाठी लोकप्रिय झाला आणि आजही वापरात आहे. आता बहुतेक संकेतस्थळे माहिती कूटबद्ध करून पाठवतात, त्यामुळे प्रत जपण्याचा उपयोग घटला. नोंद आणि पहारा ही कामे मात्र राहिली.

सर्व्हरला सांगायचे कसे?

साध्या संगणकावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी एकदा भरला की काम भागते. सर्व्हरवर बहुधा ब्राउझर नसतो आणि प्रत्येक प्रोग्राम आपापली वाट शोधतो. म्हणून आधी नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक घ्या. स्क्विडचा नेहमीचा पोर्ट ३१२८ असतो.

हा पत्ता ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘एन्व्हायर्नमेंट’ फाइलमध्ये दोन नावांनी लिहावा: ‘एचटीटीपी अंडरस्कोर प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस अंडरस्कोर प्रॉक्सी’. नावे लहान लिपीतच ठेवा. दुसऱ्या नावापुढेही पत्त्याची सुरुवात सहसा साध्या ‘एचटीटीपी’नेच होते; येथे पुष्कळजण चुकतात. ‘नो अंडरस्कोर प्रॉक्सी’ या तिसऱ्या नावापुढे संस्थेतल्याच यंत्रांचे पत्ते द्या, नाहीतर घरातला निरोपही देवडीवरून फिरून येईल. मग बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

एवढ्यानेही अपडेट येईलच असे नाही. ‘सुडो’ने आज्ञा दिली की ही नावे अनेकदा मागेच राहतात. म्हणून डेबियन व उबंटूवर ‘एपीटी’च्या, तर रेड हॅट घराण्यात ‘डीएनएफ’च्या स्वतःच्या फाइलमध्ये प्रॉक्सी वेगळा लिहिणे उत्तम.

तपासणीसाठी ‘कर्ल’ वापरा. ‘पिंग’ला उत्तर आले नाही म्हणून घाबरू नका, प्रॉक्सी ते पुढे नेतच नाही. घड्याळाची वेळ जुळवणारा निरोपही या वाटेने जात नाही. वेळ फार चुकली तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे सर्व्हर नाकारतो. तेव्हा संस्थेतीलच एखाद्या यंत्रावरून वेळ घेण्याची सोय करा.

पासवर्डची काळजी

काही प्रॉक्सी नाव आणि पासवर्ड मागतात. मग कुणीतरी घाईने स्वतःचाच पासवर्ड त्या फाइलमध्ये लिहून मोकळा होतो. ती फाइल सर्व्हरवर लॉगिन करणारा कुणीही वाचू शकतो. घराची किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवण्यासारखेच हे! त्यापेक्षा सर्व्हरसाठी वेगळे खाते मागा, किंवा त्याच्या पत्त्याला पासवर्डशिवाय परवानगी द्यायला सांगा.

हा खटाटोप कशासाठी?

‘सर्व्हर तर संस्थेच्या आतच वापरायचा, त्याला बाहेरचे काय?’ असे म्हणून पुष्कळजण हे काम पुढे ढकलतात. खरा धोका येथेच आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हा दोष जगासमोर आला. अनेक लिनक्स सर्व्हर ज्यावर विसंबून होते, त्या ‘ओपनएसएसएल’च्या काही आवृत्त्यांतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेर पडू शकत होत्या. सुधारित आवृत्तीही त्याच दिवशी उपलब्ध झाली. पण औषध बाजारात आले तरी ते रोग्यापर्यंत पोहोचायला हवे ना!

देवडीवर अडलेला सर्व्हर आरडाओरडा करत नाही. पुस्तकांची देवघेव नीट चालते, सगळे आलबेल वाटते आणि महिनोन् महिने एकही दुरुस्ती आत येत नाही. म्हणून आपल्या संस्थेतील सर्व्हर सांभाळणाऱ्याला आज एकच प्रश्न विचारा: शेवटचे अपडेट कोणत्या तारखेला आले? उत्तर चटकन मिळाले नाही, तर तपासणी देवडीपासून सुरू करा.