गाणं की शिवी?

आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये वीकएंडला दोन पार्ट्या पडतात, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड. मी पहिल्या पार्टीतला. ऑफसाइड म्हणजे काय हे न कळणारी पोरंसुद्धा आमच्यासोबत 'यू विल नेव्हर वॉक अलोन' बेसूर गातात.

गंमत म्हणजे हे मुळात फुटबॉलचं गाणं नाहीच! १९४५ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'कॅरोसेल'मधलं ते नाट्यगीत. नवरा गेलेल्या बाईला धीर द्यायला गायलेलं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच 'गेरी अँड द पेसमेकर्स'नी ते नव्याने गायलं. अ‍ॅनफिल्डवर तेव्हा मॅचआधी हिट गाणी लावायचे आणि 'कॉप' स्टँडमधली पब्लिक सूर मिसळायची. (हे नाव बोअर युद्धातल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून आलंय. १९०० साली तिथे जखमींना उचलून नेणाऱ्यांत गांधीजी होते!) बाकीची गाणी विरली, हे राहिलं. वरून कुणी फतवा काढला नव्हता.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे ९७ समर्थक त्यात गेले. चारच दिवसांनी मिलानमध्ये मिलान-रिअल माद्रिद मॅच मध्येच थांबवली आणि मिलानच्या पब्लिकने हेच गाणं म्हटलं. ना त्यांची टीम, ना त्यांची माणसं.

आणि इंग्लंडमध्ये? याच मृतांवरून टोमणे मारणाऱ्या घोषणा झाल्या. आमची पार्टीही धुतल्या तांदळासारखी नाही हं. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात युनायटेडच्या ८ खेळाडूंसह २३ जण गेले, त्यावरून लिव्हरपूलवाल्यांनीही गाणी म्हटलीयत. २०२३ मध्ये क्लॉप आणि टेन हाग या दोन्ही मॅनेजरना मिळून 'हे थांबवा' सांगावं लागलं. 'अरे, मॅचचा माहोल असतो, एवढं काय मनावर घ्यायचं' हे मला आता पटत नाही.

आता, म्हणजे गेल्या वर्षीच्या इंटरकॉलेजपासून. समोरचा गोलकीपर डिफेंडरना हाका मारताना अडखळायचा. आम्ही तेच चालीवर घेतलं आणि अख्खा दुसरा हाफ गायलो. यमक मीच जुळवलं होतं. मॅच आम्ही जिंकलो. शेवटी मी हात पुढे केला तर तो न बघताच पुढे गेला.

यंदा तो त्यांचा कॅप्टन आहे म्हणे, आणि मॅच आपल्या ग्राउंडवर आहे. घोषणा लिहायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलंय. अजून एक ओळ लिहिलेली नाही.