बांबूवनातील बोंगो

आफ्रिकेच्या घनदाट अरण्यांत वावरणाऱ्या कुरंगांमध्ये बोंगो हा आकाराने अग्रगण्य होय. मोठा नर 400 किलोपर्यंत भरतो. तांबूस-तपकिरी अंगावर 10 ते 15 उभे शुभ्र पट्टे आणि किंचित पीळ घेत मागे गेलेली शिंगे, असे त्याचे रूप. ही शिंगे मादीलाही असतात व हरणांप्रमाणे ती कधी झडत नाहीत. इतका उठावदार रंग लपण्याच्या कामी निरुपयोगी वाटेल. परंतु बांबूच्या बेटात ऊन-सावलीच्या रेघा पडल्या की हे धूड नाहीसे होते. झाडीतून धावताना तो हनुवटी वर करून शिंगे पाठीवर टेकवतो. वयस्क बोंगोच्या पाठीवरचे केस या घर्षणाने झिजलेले आढळतात.

आहार पूर्णपणे वनस्पतींचा. लांब, लवचीक जिभेने तो पाला ओढून घेतो. क्षारांची ओढ मात्र विलक्षण! वीज पडून जळालेल्या झाडाचा कोळसासुद्धा तो खातो.

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सखल प्रदेशांत बोंगो अद्याप बऱ्यापैकी आहे. पर्वतीय बोंगो मात्र फक्त केनियात उरला असून, अॅबरडेअर, माउंट केनिया, माऊ आणि एबुरू येथील रानांत मिळून त्याची संख्या शंभराच्याही आत असावी. त्याला स्पर्श केल्यास फेफरे येते, असा समज काही भागांत पूर्वी होता. समज खुळा खरा, पण त्याने शिकाऱ्याचा हात रोखला होता. तो धाक ओसरला. फासे आणि शिकारी कुत्रे आले, जंगलही तुटत गेले.

1960-70च्या दशकांत अॅबरडेअरमधून काही बोंगो पकडून परदेशी प्राणिसंग्रहालयांत पाठविले गेले. आज रानापेक्षा पिंजऱ्यातच त्यांची संख्या अधिक आहे. बाहेर गेलेली ती ठेव आता थोडी थोडी परत येते आहे. 2004 साली अमेरिकेतून 18 बोंगो माउंट केनियाच्या पायथ्याशी आणले गेले. त्यांना थेट रानात सोडले नाही. तेथेच त्यांची संतती वाढविली. 2022 साली मावइंगू या राखीव वनात त्या वंशातील पहिले प्राणी सोडण्यात आले. फेब्रुवारी 2025मध्ये फ्लोरिडाहून आणखी 17 आले. त्यांपैकी एकानेही केनियाचे रान पूर्वी पाहिलेले नव्हते.