पोछ्यापलीकडचं हॉटेल आमच्या मुलांना कधी दाखवणार?

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


वाणगावचा एक साधा रहिवासी म्हणून आपल्याला लिहितो आहे. बोर्डीचा किनारा, घोलवडचे चिकू, विवळवेढ्याची महालक्ष्मी, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेली वारली चित्रं, हे सगळं आपल्या खात्याला ठाऊक आहे. त्यामुळे डहाणू-तलासरीची ओळख करून देण्यात आपला वेळ घेत नाही. इथे येणाऱ्या पाहुण्यांबद्दल मंत्रालयात पुष्कळ बोललं जातं. त्या पाहुण्यांची उठबस ज्यांनी करायची, त्या आमच्या मुलामुलींबद्दल मला विचारायचं आहे.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. घातक प्रदूषण करणारे कारखाने इथे नकोत असा तो निर्णय होता आणि तो योग्यच होता. चिकूच्या वाड्या आणि वाणगावची मिरची त्यामुळे टिकली. पण कारखाना नाही तर पोटाला काय, असं विचारलं की व्यासपीठावरून एकच उत्तर ऐकू येतं: पर्यटन. तीन दशकं उलटून गेली. ज्या धंद्याकडे आपण सर्वांनी बोट दाखवलंत, तो शिकवायची सोय या दोन तालुक्यांत कुठे केलीत? पुण्यात राज्याची हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे. सोलापुरातही उभी राहिली, त्याचा आनंदच आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याच्या वाट्याला अशी संस्था अजून का आली नाही?

२०२० साली मंत्रिमंडळाने किनाऱ्यांवरच्या शॅकचं धोरण मंजूर केलं. पहिल्या आठ किनाऱ्यांमध्ये आमच्या जिल्ह्यातले दोन होते, केळवे आणि बोर्डी. शॅकमधल्या ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना, असं तेव्हा सांगितलं गेलं. आमच्याकडच्या लोकांनी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि खरं मानलं. आज बोर्डीच्या वाळूवर त्या धोरणाखाली किती शॅक उभे आहेत आणि त्यांत डहाणू-तलासरीची किती मुलं पगारावर आहेत, हा आकडा आपल्या टेबलावर असायला हवा. तो आम्हाला का दिला जात नाही?

त्याच वर्षी राज्याने हॉटेलांना उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचं उद्दिष्ट ठेवलं. सवलत मालकासाठी जाहीर झाली. ती घेणाऱ्या हॉटेलांनी या जिल्ह्यातले किती शिकाऊ उमेदवार घेतले, असा प्रश्न आपल्या खात्याने त्यांना एकदा तरी विचारला का?

महोदय, रोजगार हा शब्द सरकारी कागदावर फार मोठा दिसतो. प्रत्यक्षात तो कसा असतो, ते माझ्या भाचीच्या बाबतीत मी पाहिलं. बारावी झाल्यावर एका खासगी क्लासने तिला ‘हॉटेल मॅनेजमेंट’ आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असं सांगून फी घेतली. माझ्या बहिणीने त्यासाठी वाडीच्या उत्पन्नावर उसनवारी केली. काही महिने टेबलावर काटे-चमचे कसे मांडायचे ते शिकवलं आणि मग ‘ट्रेनिंग’ म्हणून महामार्गावरच्या एका हॉटेलात धाडलं. तिथे तिला विद्यावेतन नव्हतं. स्वच्छतेची रसायनं हॉटेलांत आर-वन, आर-टू, आर-सिक्स अशा क्रमांकांनी ओळखली जातात. कुठली बाथरूमला, कुठली काचेला, कुठली कमोडला, हे तिला तिथल्याच दुसऱ्या मुलीने सांगितलं. हातमोजे मागितले तर मिळाले नाहीत. बोटांची सालं निघाली. सुट्टीला घरी आली तेव्हा भाकरी मोडतानाही तिचे हात चुरचुरत होते. ते प्रमाणपत्र घेऊन ती मुंबईत मोठ्या हॉटेलच्या मुलाखतीला गेली, तेव्हा संस्थेला मान्यता कुणाची, हा पहिलाच प्रश्न आला. मान्यता कुणाचीच नव्हती. असे क्लास कोण तपासतं? मुलीकडून फी घेण्याआधी मान्यतेचा कागद दाखवणं बंधनकारक का नाही?

मला राग आहे तो आणखी एका गोष्टीचा. हा धंदा आतून कसा चालतो, हे आमच्या मुलांना कुणीच सांगत नाही. आमच्याकडे हॉटेलात कामाला लागणं म्हणजे कपबशा विसळणं आणि फरशी पुसणं, एवढंच चित्र आहे, कारण एवढंच काम त्यांना देण्यात आलं. खरं तर मोठ्या हॉटेलाची चार मुख्य खाती असतात. पाहुण्याची नोंद, चावी, बिल सांभाळणारं फ्रंट ऑफिस. खोल्यांचं हाउसकीपिंग. ज्याला तिथे फूड प्रॉडक्शन म्हणतात ते स्वयंपाकघर. आणि ताट पाहुण्यापुढे नेणारी सर्व्हिस. प्रत्येक खात्याला वर जाणारी पायरी असते. स्वयंपाकघरात मुलगा कॉमी म्हणून लागतो. भाज्या कापतो, ग्रेव्हीची पूर्वतयारी करतो. मग डेमी शेफ, शेफ द पार्ती, सू शेफ, असं करत एक्झिक्युटिव्ह शेफपर्यंत जाता येतं. खोली आवरणारी मुलगी फ्लोअर सुपरवायझर होऊ शकते, पुढे सगळ्या हॉटेलाची एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. पलीकडे खरेदी, स्टोअर, लाँड्री, बँक्वेट, विक्री, देखभाल ही खाती निराळीच. हेच शिक्षण क्रूझ जहाजावर चालतं, विमानांना जेवण पुरवणाऱ्या किचनमध्ये चालतं, रुग्णालयात आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही चालतं.

काम सोपं आहे असं मी म्हणत नाही. तासन् तास उभं राहावं लागतं. दुपारी सोडून संध्याकाळी परत बोलावणारी ब्रेक शिफ्ट असते. दिवाळी आणि गणपतीला घरचे एकत्र जेवतात तेव्हा ही मुलं दुसऱ्यांना वाढत असतात. खोल्या आवरणारीला एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या करायच्या असतात. पण आमची मुलं कष्टाला भिणारी नाहीत; पहाटे मिरची तोडून मग शाळेत जाणारी ही मुलं आहेत. ती पहिल्या पायरीवर काम करायला तयार आहेत. दुसरी पायरी आहे, हे त्यांना सांगायची जबाबदारी कुणाची होती?

दारं आहेत, आपल्यालाही ती माहीत आहेत. देशातली हॉटेल व्यवस्थापनाची पहिली संस्था १९५४ साली मुंबईत सुरू झाली. आज ती दादरला वीर सावरकर मार्गावर आहे, आमच्याच रेल्वेमार्गावर. बारावीला इंग्रजी विषय घेतलेल्या कुठल्याही शाखेच्या मुलाला तिची प्रवेश परीक्षा देता येते. अशा केंद्रीय संस्थांत साडेसात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात. डहाणूत दोन तृतीयांश लोक आदिवासी आहेत, तलासरीत दहांत नऊ. मग आमच्या आश्रमशाळांच्या फळ्यावर या परीक्षेची तारीख लिहिलेली का दिसत नाही? परीक्षा संगणकावर होते, मराठीत होत नाही. तिच्या तयारीचा एक वर्ग डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आजवर का सुचला नाही?

ज्यांना पदवी नको, त्यांच्यासाठी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना आणली होती. आठवी पास, १८ ते २८ वयाची मुलं, काही आठवड्यांचा विनामूल्य अभ्यासक्रम, स्वयंपाक किंवा सर्व्हिस किंवा हाउसकीपिंग, वर विद्यावेतन. याहून आमच्या भागाला जुळणारी योजना शोधून सापडणार नाही. आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ पासूनचा आहे. तीस किंवा अधिक माणसं राबणाऱ्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे, विद्यावेतन द्यायचं, ही सक्ती आहे. चारोटीपासून तलासरीपर्यंत महामार्गावर आणि किनाऱ्याच्या रिसॉर्टमध्ये हा कायदा कुणी तपासला? माझ्या भाचीला हातमोजे नाकारणाऱ्या हॉटेलच्या दारात एखादा निरीक्षक कधी गेला का?

आणखी एक बोचतं. नागलीची भाकर, पावसाळ्यातल्या रानभाज्या, सुका बोंबील हे पदार्थ आता महागड्या मेन्यूवर ‘स्थानिक चव’ म्हणून छापले जातात. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती रिसेप्शनच्या भिंतीवर गेली. शेवळाची खाज कशी मारायची, हे आजीकडून शिकलेली मुलगी त्याच इमारतीत मागच्या बाजूला भांडी घासते. तिच्या हातच्या ज्ञानाला शेफच्या टोपीपर्यंत न्यायला फार पैसा लागत नाही. एक चालतं किचन, दोन प्रशिक्षित शिक्षक आणि प्रामाणिक प्रमाणपत्र लागतं.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. ७६,२२० कोटींचा प्रकल्प आणि बारा लाख रोजगार, असं सांगितलं गेलं. बंदर हवं की नको यावर आमच्या किनाऱ्यावर तीव्र मतं आहेत. मच्छीमारांचा विरोध आपण जाणता आणि तो विरोध या पत्रात मी गुंडाळून ठेवू इच्छित नाही. पण काम सुरू आहे तिथे कॅन्टीन, गेस्ट हाउस, हॉटेलं येणारच. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होत आहे. अशी मोठी आश्वासनं आम्ही पूर्वीही ऐकली. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवले गेले आणि नीट पुनर्वसनासाठी त्या लोकांना न्यायालयात जावं लागलं. त्या बारा लाखांत आमच्या वाट्याला पुन्हा बादली आणि पोछाच येणार असेल, तर तसं आत्ताच स्पष्ट सांगण्याचं सौजन्य दाखवा.

आम्ही मागतो ते असं. डहाणू किंवा तलासरीतल्या शासकीय आयटीआयमध्ये अन्न उत्पादन, सर्व्हिस आणि हाउसकीपिंगच्या तुकड्या पुढच्या शैक्षणिक वर्षापासून पूर्ण ताकदीने चालवाव्यात. आश्रमशाळेतल्या दहावी-बारावीच्या मुलांना वर्षातून एक दिवस दादरची संस्था आणि एखादं चालतं हॉटेल आतून दाखवावं, स्वयंपाकघरासकट. सवलती घेणाऱ्या प्रत्येक हॉटेलातल्या शिकाऊ उमेदवारांची संख्या आणि त्यांचा तालुका दरवर्षी जाहीर व्हावा. बोर्डीच्या शॅकचा ऐंशी टक्क्यांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, पेसा कायदा इथे लागू आहे. ग्रामसभेने हिशेब मागणं हा तिचा अधिकार आहे, ते आम्ही उपकार म्हणून मागत नाही.

अर्ज पुढील विभागाकडे वर्ग केला आहे, असं एका ओळीचं उत्तर कृपया पाठवू नये. पर्यटन आपल्याकडे आहे. कौशल्य विकास आणि आदिवासी विकास खात्यांच्या मंत्र्यांसोबत आपण एकाच मंत्रिमंडळात बसता. बारावीचे निकाल लागायच्या आत लेखी उत्तर मिळावं. यंदा निकाल लागल्यावर त्याच क्लासची माणसं पुन्हा आमच्या दारोदार फिरतील, आणि फी मागतील.

आपला,
वाणगावचा एक नागरिक