आरोपी बदलला, खटला तोच

फ्रॉइडने व्यक्ती पाहिली, पुढच्यांनी कुटुंब पाहिले आणि दृष्टी व्यापक झाली, ही मानसोपचाराच्या इतिहासाची सोयीची मांडणी आम्हांला मान्य नाही.

१९०९ साली फ्रॉइडने छोट्या हान्सची हकीकत प्रसिद्ध केली. घोड्यांना भिणाऱ्या या पाच वर्षांच्या मुलाचे विश्लेषण प्रत्यक्षात त्याच्या वडिलांनी केले. उपचारकाळात फ्रॉइड त्याला एकदाच भेटला. सारे घर असे समोर असूनही भीतीचे मूळ मुलाच्याच सुप्त इच्छांत शोधले गेले. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी स्किझोफ्रेनियाचा ठपका आईवर ठेवला. १९५६ मध्ये बेटसन व सहकाऱ्यांनी परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या गाजलेल्या उदाहरणातही मुलाच्या स्पर्शाने आक्रसणारी आईच आहे. आईमुळे हा आजार होतो, हे मत पुढील संशोधनात टिकले नाही.

कुटुंब पाहतो म्हणताना आरोपी तेवढा बदलला. आम्ही अध्यापक मात्र अजूनही कादंबरीतल्या आईला दोषी ठरवतो आणि त्याला मानसशास्त्रीय समीक्षा म्हणतो. एकाचे दुःख साऱ्या घरात कसे वाटले जाते, हे न वाचता दिलेला निवाडा म्हणजे समीक्षा नव्हे.